मृत सैनिकाच्या नोंदींचा शोध

७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगढच्या विमानतळावरून हवाई दलाचे एक मालवाहू विमान लेहच्या दिशेने निघाले. ए. एन. १२ जातीच्या त्या विमानात चालकवर्ग धरून १०२ माणसे होती. हवामान बिघडले, विमान माघारी वळले आणि रोहतांग खिंडीच्या परिसरात त्याचा संपर्क तुटला. त्यानंतर पस्तीस वर्षे त्याचा ठावठिकाणा लागला नाही. २००३ साली मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या पथकाला लाहौलमधील ढाका हिमनदीवर त्याचे अवशेष आढळले. पुढे सैन्याने वारंवार शोधमोहिमा काढल्या. तथापि २०१९ पर्यंत केवळ पाच देह हाती आले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू यांच्या पथकाला आणखी चार देह सापडले. दुर्घटनेला तेव्हा छप्पन्न वर्षे लोटली होती.

त्या चौघांची ओळख कशी पटली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वैद्यकीय दलातील शिपाई नारायण सिंह यांच्याजवळ त्यांची वेतनपुस्तिका होती. केरळमधील एलंतूर गावचे थॉमस चेरियन यांची ओळखही अवशेषांबरोबर मिळालेल्या कागदांवरून पटली; मात्र प्रारंभीच्या काही वृत्तांत त्यांचे नाव ‘चरण’ असे छापून आले. बर्फाने देह राखला, पण त्या देहाला नाव परत मिळवून दिले ते कागदाने, आणि तो कागद कोणत्या तरी कार्यालयातील नोंदीशी जुळला म्हणून. एका अक्षराचा फेर पडला तर तेच नाव कसे परके होते, हेही याच प्रसंगाने दाखवून दिले.

सैनिकाचे आयुष्य दोन ठिकाणी नोंदलेले असते. एक घरच्यांच्या आठवणीत, दुसरे सरकारी दप्तरात. आठवण एका पिढीनंतर पुसट होऊ लागते. आजोबा ‘लढाईवर होते’ एवढेच नातवाला ठाऊक असते. कोणत्या लढाईवर, कोणत्या पलटणीत, कोणत्या देशात, हे सांगणारे कोणी उरत नाही. दप्तर अधिक काळ टिकते. परंतु त्याची मांडणी घरच्या आठवणीसारखी नसते. तो क्रम ज्याला उमगला, त्याचा शोध बहुधा निष्फळ जात नाही. ज्याला तो उमगला नाही, तो वर्षानुवर्षे एका कचेरीतून दुसरीकडे पत्रे धाडीत राहतो.

या कामात पहिला गैरसमज जागेविषयीचा असतो. चंदीगढ हे सैनिकी दृष्टीने मोठे ठिकाण आहे. शेजारच्या चंडीमंदिर येथे १९८५ पासून पश्चिम कमानीचे मुख्यालय आहे. त्या कमानीच्या संरक्षण लेखा विभागाचे प्रधान नियंत्रक कार्यालय शहरात आहे. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे एक पीठही येथेच बसते. पंजाब, हरियाणा आणि हिमाचलमधील असंख्य सैनिक-कुटुंबांचा या शहराशी कामापुरता तरी संबंध येतो. त्यामुळे मृत वडिलांचे वा काकांचे कागद येथेच कोठेतरी असतील, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः मुख्यालय हे सैन्य चालविण्याचे ठिकाण असते, सैनिकांचे जुने कागद सांभाळण्याचे नव्हे. शिपायाची नोकरी कोठेही झालेली असो, लडाखात, नागभूमीत अथवा परदेशी शांतिसेनेत, त्याची कागदपत्रे त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात, ज्याला फौजी माणूस ‘रेकॉर्ड ऑफिस’ म्हणतो तेथे, असतात.

म्हणून शोधाचा पहिला प्रश्न ‘तो कोठे होता’ हा नसून ‘तो कोणाचा होता’ हा असतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाची नोंद बेळगावला मिळते. महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातील सागर येथे. बॉम्बे सॅपर्सची पुण्याजवळ खडकीला. तोफखान्याची नाशिक रोडला. रणगाडा दलाची अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला. पंजाब आणि शीख या दोन्ही रेजिमेंटांची केंद्रे झारखंडमधील रामगढ येथे आहेत, शीख लाइट इन्फन्ट्रीचे फतेहगढला आणि डोग्रा रेजिमेंटचे अयोध्येला. चंदीगढमधील कुटुंबाला आपल्या आजोबांच्या कागदांसाठी झारखंडात लिहावे लागते आणि साताऱ्याच्या कुटुंबाला कर्नाटकात, याचे कारण हे आहे. अधिकाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या नोंदी दिल्लीच्या सेना मुख्यालयात अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेकडे असतात. हवाई दलातील जवानांसाठी दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधील अभिलेख कार्यालय आहे, तर नौदलाच्या खलाशांसाठी मुंबईत मानखुर्द येथे ‘ब्यूरो ऑफ सेलर्स’ आहे.

परंतु कोणत्याही कार्यालयाला पत्र लिहिण्यापूर्वी घरातली पेटी उघडावी, हे उत्तम. अभिलेख कार्यालयातील माणसाला नावापेक्षा क्रमांक अधिक बोलका वाटतो. एकाच रेजिमेंटमध्ये एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दहा शिपाई असू शकतात. सेवा-क्रमांक मात्र एकाचाच असतो. तो सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सेवामुक्तीची पुस्तिका, वेतनपुस्तिका, निवृत्तिवेतनाचा आदेश, आणि मृत्यूची बातमी कळविणारी जुनी तार यांतील प्रत्येकावर तो असण्याचा संभव आहे. हे कागद वाळवीने खाल्ले असले तरी पदके शिल्लक असतात. पुष्कळ पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही चारही कोरलेली असतात, आणि ती अक्षरे इतकी बारीक असतात की वर्षानुवर्षे पदक पुसणाऱ्या घरच्या माणसांनाही ती ठाऊक नसतात. पदक घासून लख्ख करण्याच्या हौसेने ही अक्षरे झिजतात, हे ध्यानात ठेवलेले बरे. पदकेही विकली गेली असतील, तर निदान छायाचित्र पाहावे. टोपीवरचे बोधचिन्ह आणि खांद्यावरची अक्षरे रेजिमेंट सांगतात, बाहीवरच्या पट्ट्या हुद्दा सांगतात. क्रमांकाच्या आरंभीची अक्षरेही निरर्थक नसतात, ‘जे. सी.’ हा सुभेदार-जमादारांच्या वर्गाचा निर्देश असतो, तर ‘आय. सी.’ हा कायम सनदेच्या अधिकाऱ्याचा.

एवढे जुळले म्हणजे खुद्द दप्तरात काय असते, हे समजून घेता येते. भरतीच्या दिवशी शिपायाच्या नावाने एक शीट रोल उघडला जातो. त्यात वडिलांचे नाव, गाव, तालुका, जन्मतारीख, उंची, अंगावरच्या खुणा आणि जवळच्या वारसाचे नाव येते. पुढे बढती, बदली, रजा, शिक्षा, जखम, विवाह, अपत्यजन्म यांच्या नोंदी पलटणीच्या दैनिक आदेशांमधून त्यात चढत जातात. अखेरीस सेवामुक्तीचे कारण, वर्तनाचा शेरा आणि वैद्यकीय मंडळाचा निर्णय लिहिला जातो. घरच्यांना ज्या गोष्टी केवळ ऐकीव असतात, त्या तेथे तारखांसह असतात.

हे सारे कागद कायम राहतात, असे मात्र नाही. येथे अनेकांची निराशा होते. ज्या शिपायाला निवृत्तिवेतन मिळत असते, त्याची कागदपत्रे दीर्घकाळ जपली जातात. निवृत्तिवेतनाविना सेवामुक्त झालेल्याची मूळ कागदपत्रे मात्र सैन्याच्या विनियमांनुसार पंचवीस वर्षांनंतर नष्ट करता येतात. पाच-सात वर्षे नोकरी करून घरी परतलेल्या, किंवा दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्य कमी करताना घरी पाठविलेल्या हजारो जवानांचे शीट रोल अशा रीतीने गेले. तथापि ‘लाँग रोल’ नावाची एक मोठी नोंदवही असते. तिच्यात प्रत्येक शिपायाची एक ओळ असते: क्रमांक, नाव, भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख व कारण. मूळ कागद नष्ट झाल्यावरही ही ओळ शिल्लक राहते. ‘कागदपत्रे नियमानुसार नष्ट केली आहेत’ असे उत्तर आले, तर शोध संपला असे मानू नये. ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा’ अशी दुसरी विनंती करावी. या एका वाक्याने पुष्कळ बंद दारे उघडली जातात.

ही ओळ मिळण्याला केवळ भावनेचे मोल नसते. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आणि निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकांना वा त्यांच्या विधवांना काही राज्ये मासिक साहाय्य देत आली आहेत. सेवेचा पुरावा हाच त्याचा आधार असतो. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात पत्नीचे नाव दप्तरात चढलेले आहे की नाही, यावर वृद्धेचे उरलेले दिवस अवलंबून असतात. रजेवर आलेल्या शिपायाने लग्न केले, पण पलटणीत परतल्यावर त्याची नोंद करविली नाही, किंवा कारकुनाने ‘सरस्वती’च्या जागी माहेरचे नाव लिहिले, एवढ्याने चाळीस वर्षांनंतर खेटे घालावे लागतात. नोंद दुरुस्त होऊ शकते, पण त्यासाठी विवाहाचा पुरावा, प्रतिज्ञापत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला लागतो, आणि प्रत्येक कागदावर नाव एकाच रीतीने लिहिलेले असावे लागते. हक्क नाकारला गेला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग आहे. २००७ च्या कायद्याने ही व्यवस्था निर्माण झाली.

१९४७ पूर्वीच्या सैनिकाचा माग काढणे हे याहून बिकट आणि अधिक मनोरंजकही असते. फाळणीत जमीन वाटली गेली तसे सैन्यही वाटले गेले. पंजाबच्या पायदळ रेजिमेंटांपैकी पहिली, आठवी, चौदावी, पंधरावी आणि सोळावी या पाकिस्तानकडे गेल्या. केवळ दुसरी भारतात राहिली आणि तीच आजची पंजाब रेजिमेंट होय. बलुच आणि फ्रंटियर फोर्स याही तिकडे गेल्या. त्यांतील हिंदू व शीख कंपन्या भारतातील निरनिराळ्या रेजिमेंटांत सामावून घेण्यात आल्या. म्हणजे होशियारपूरच्या एखाद्या शीख जवानाची नोकरी १९४० मध्ये एका रेजिमेंटमध्ये सुरू झाली आणि १९५० मध्ये दुसऱ्याच रेजिमेंटमध्ये संपली, असे घडले. त्याच्या नातवाने शेवटच्या रेजिमेंटपासून मागे जावे. पहिल्यापासून पुढे येऊ पाहील तर सीमेपाशी अडेल.

या वाटणीचा एक चमत्कारिक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, पंजाब सरकारने युद्धात गेलेल्या पंजाबी सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या तयार करविल्या. सुमारे २६,००० पानांत ३,२०,००० सैनिकांची नोंद होती: नाव, वडिलांचे नाव, जात, हुद्दा, रेजिमेंट. त्या प्रांताची राजधानी लाहोर. वह्याही लाहोरलाच राहिल्या. प्रांत दुभंगला, लाहोर सीमेपलीकडे गेले, पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही, आणि १९५२ साली शिवालिकच्या पायथ्याशी चंदीगढची पायाभरणी झाली. नव्या राजधानीत सचिवालय उभे राहिले, उच्च न्यायालय उभे राहिले. पण ज्या गावांची ती राजधानी झाली, त्यांच्या सैनिकांच्या वह्या लाहोरच्या संग्रहालयातच पडून होत्या. सुमारे सत्त्याण्णव वर्षे त्यांचा कोणी फारसा उपयोग केला नाही. पुढे इंग्लंडमधील पंजाब वारसा संघटना आणि ग्रीनिच विद्यापीठ यांनी त्या पानांचे संगणकीय रूपांतर हाती घेतले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रारंभीच्या तीन जिल्ह्यांच्या, म्हणजे जालंदर, लुधियाना आणि सियालकोटच्या, नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. आता जालंदरच्या एखाद्या गावचे नाव टाकले की शंभर वर्षांपूर्वी त्या गावातून कोण कोण गेले, याची यादी चंदीगढच्या घरात बसून वाचता येते. सीमा ओलांडण्याचा परवाना माणसाला मिळत नाही. नोंदीला तो मिळाला.

महाराष्ट्रातील कुटुंबांना सीमेची अडचण आली नाही. त्यांना अडचण आली ती नामांतराची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे तुर्कांनी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनला वेढा घातला. डिसेंबर १९१५ पासून चाललेल्या या वेढ्याचा शेवट २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीत झाला. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी-साताऱ्याकडील किती घरांतील माणसे त्या वेढ्यात भुकेने आणि पुढे कैदेत मेली, याचा हिशेब गावोगावच्या आठवणींत आजही अर्धवट राहिला आहे. त्यांचे वंशज आज ‘११० मराठा’ अशी पलटण शोधू लागले तर ती सापडत नाही. कारण १९२२ च्या पुनर्रचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी झाल्या. १०३ ही पहिली, ११० ही तिसरी आणि ११७ ही पाचवी. १९१७ साली उभारलेली १११ महार पलटण तर १९२१ मध्ये मोडलीच. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात नव्याने उभी राहिली. म्हणून जुन्या पदकावरचा क्रमांक वाचताना त्या पलटणीची पुढची वंशावळही माहीत असावी लागते. गावातील चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर बसविलेला युद्धस्मारकाचा दगडही येथे उपयोगी पडतो. या गावातून इतके गेले आणि इतके परतले नाहीत, एवढेच त्यावर असले, तरी शोधाला तेवढा आधार पुरतो.

युद्धात पडलेल्यांसाठी आणखी एक साधन आहे. दोन्ही महायुद्धांतील मृतांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहेत आणि त्या नावावरून विनामूल्य पाहता येतात. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ साली इटलीतील पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी ज्ञात नाही. त्यांचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. मात्र सर्वांच्या वाट्याला हा न्याय आला नाही. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आणि सामान्य भारतीय शिपायांची केवळ पलटणवार संख्या. आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मान्य केले की पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे, ज्यांत भारतीय आणि आफ्रिकी पुष्कळ होते, स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही. दगडावर नाव नाही म्हणून कोणी मेलाच नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्याला हा अहवाल सावध करतो. दगड राहून गेला असेल. वहीत नाव असू शकते.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र बदलले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात, ज्याचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले, शिपाई आणि जनरल यांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. चंदीगढच्या तिसऱ्या सेक्टरमधील बोगनवेल उद्यानात २००६ साली उभारलेल्या स्मारकावर पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि चंदीगढ येथील आठ हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे आहेत. या भिंतीपुढे उभा राहून कोणी एका नावावर बोट फिरवीत असेल, तर त्याला एवढे सांगावे की भिंत हा शोधाचा शेवट नव्हे. भिंतीवर नाव असते. ते कोठे, कोणत्या दिवशी आणि कसे पडले, हे पलटणीच्या युद्ध-दैनंदिनीत असते. अशा दैनंदिन्या आणि मोहिमांचे अहवाल सामान्यतः पंचवीस वर्षांनी खुले करावेत, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केले. पहिल्या महायुद्धातील दैनंदिन्यांचा मोठा साठा लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

प्रत्यक्ष अर्ज कसा असावा? थोडका आणि नेमका. क्रमांक, हुद्दा, नाव, रेजिमेंट, वडिलांचे नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरतीचे व सेवामुक्तीचे अंदाजे वर्ष, आणि अर्जदाराचे नाते. सोबत मृत्यूचा दाखला व नात्याचा पुरावा. काय हवे ते एकेक करून लिहावे. ‘सर्व माहिती द्यावी’ या मागणीला बहुधा काहीच माहिती मिळत नाही. नावाची संभाव्य रूपे द्यावीत. भरती-कारकुनाने कानी पडले तसे इंग्रजीत उतरविलेले मराठी आडनाव, आडनावाच्या जागी लिहिलेले वडिलांचे नाव, गावाच्या जागी लिहिलेले टपाल कचेरीचे नाव, या तीन गोष्टींनी सर्वाधिक घोटाळे होतात. जन्मवर्षही विश्वासाने घेऊ नये. वय वाढवून भरती झालेली मुले त्या काळी थोडी नव्हती. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असा अर्ज तयार करण्यास आणि पुढे पाठविण्यास साहाय्य करते. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून मागणी करता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. मात्र खाजगी स्वरूपाच्या माहितीला त्या कायद्यातही मर्यादा आहेत, आणि वारसाचे नाते सिद्ध केल्याने काम सुकर होते.

एक गोष्ट मनाशी ठरवून मगच हे दप्तर उघडावे. त्यात कौतुकच असेल असे नाही. घरात शूर म्हणून गाजलेल्या माणसाच्या पानावर गैरहजेरीची शिक्षा असू शकते. ‘लढाईत गेला’ असे ज्याच्याविषयी सांगितले जाई, तो छावणीतल्या तापाने गेलेला असू शकतो. यामुळे त्याचे मोल उणे होत नाही. मेसोपोटेमियात आजाराने मेलेला शिपाईही घरापासून तितकाच दूर मेला, आणि त्याच्या आईने तितकीच वाट पाहिली. उलट, घरी कधी एक शब्दही न बोललेल्या माणसाच्या पानावर दोन जखमा आणि एक प्रशस्ती निघते, असेही घडते. जे गप्प राहिले त्यांचे बोलणे पुष्कळदा एवढेच शिल्लक असते.

आणि म्हणून आज ज्यांच्या घरी सैनिक हयात आहे, त्यांनी एक साधे काम करावे. त्याच्याजवळ बसून त्याचा क्रमांक, पलटण, भरतीचे ठिकाण आणि ज्या ज्या जागी तो राहिला त्यांची नावे एका वहीत लिहून घ्यावीत. छायाचित्रांच्या मागे माणसांची नावे लिहावीत. दप्तरातील पत्नीचे आणि मुलांचे नाव बरोबर आहे की नाही, हे त्याच्या हयातीतच तपासून घ्यावे. फौजी माणसाला आपला क्रमांक म्हातारपणीही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. तो विचारणारे घरात कोणी असावे, इतकेच.